नवा पाहुणा गाडीतून घरी येताना

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की घरात महिनाभर आधी चर्चा सुरू होते. नाव काय ठेवायचं, झोपवायचं कुठं, सकाळी फिरायला कोण नेणार, दिवाळीत गावी गेल्यावर सांभाळणार कोण. आईचा विरोध आठवडाभर टिकतो आणि मग तीच माळ्यावरून जुन्या चादरी काढून ठेवते. भांडं येतं, पट्टा येतो, रबरी हाड येतं. एका प्रश्नाचा मात्र या धांदलीत बहुधा कुणी विचारच करत नाही. पिल्लू घरापर्यंत येणार कसं? 'त्यात काय, गाडी आहे की! मांडीवर घेऊन बसू,' एवढ्यावर विषय संपतो.

पिल्लाच्या बाजूनं हा प्रवास कसा असतो, ते एकदा बघायला हवं. जन्मल्यापासून जेमतेम दोन महिने ते आईच्या कुशीत आणि भावंडांच्या ढिगाऱ्यात झोपलेलं असतं. एके दिवशी अनोळखी हात त्याला उचलतात. पायाखालची जमीन हलू लागते, इंजिनाची घरघर सुरू होते, नाकात पेट्रोलचा आणि गाडीतल्या अत्तराच्या बाटलीचा वास शिरतो. आईचा वास कुठंच नसतो. पिल्लाला त्या दिवसाची आठवण राहील की नाही, हे सोडून देऊ. पण पहिल्याच प्रवासात भेदरलेली, ओकून ओकून गळून गेलेली कित्येक कुत्री पुढं वर्षानुवर्षं गाडीचं दार उघडलं की चारही पाय रोवून उभी राहतात, हा अनुभव अनेक घरांना आहे. शिवाय या काही तासांत पिल्लाच्या जिवावर बेतू शकतील असे दोन-तीन धोकेही असतात, आणि थोड्या विचारानं ते टाळता येतात.

पिल्लू शेजारच्या गल्लीतून आणायचं असेल तर फारसं काही लागत नाही. प्रश्न येतो तो लांबच्या रस्त्याचा. महाराष्ट्रातल्या अनेक हौशी मंडळींना मुधोळचं पिल्लू हवं असतं. हे गाव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही सडपातळ, लांब पायांची शिकारी जात आपल्याकडे 'कारवान' म्हणूनही ओळखली जाते. 2005 साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं आणि 2020 साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख केल्यापासून तर मागणी आणखी वाढली. मुधोळजवळच्या तिम्मापूरला कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, आणि आसपासच्या खेड्यांतली अनेक कुटुंबंही या कुत्र्यांची पैदास करतात. तिथून जमखंडी, अथणी, कागवाड करत मिरज आणि पुढं पेठनाक्याला महामार्ग गाठून कराड, साताऱ्यावरून पुणं. हा सगळा सात-आठ तासांचा रस्ता. मोठ्या माणसाचं अंगही आंबून जातं, तिथं दोन महिन्यांच्या पिल्लाची काय कथा!

पहिली गोष्ट म्हणजे वय. 'लहान आणलं की लळा लागतो' या समजुतीनं पुष्कळजण पाच-सहा आठवड्यांचंच पिल्लू उचलून आणतात आणि विकणाराही आनंदानं देतो. हे चुकीचं आहे आणि बेकायदाही. श्वानांची पैदास आणि विक्री यासाठी 2017 साली केंद्र सरकारनं जे नियम केले, त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्यामागं कारण आहे. किती जोरात चावलं की भावंड कळवळतं, आई केव्हा गुरगुरते, हे पिल्लू याच दिवसांत शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं भित्रं होण्याची किंवा उठसूट चावरं होण्याची शक्यता अधिक असते. लळा काय, आठ आठवड्यांच्या पिल्लालाही दोन दिवसांत लागतो.

दिवसही विचार करून ठरवावा. लग्नसराईत, घरात पाहुण्यांची वर्दळ असताना किंवा परीक्षेच्या तोंडावर पिल्लू आणू नये. शनिवार सोयीचा, कारण दुसऱ्या दिवशी सगळे घरी असतात. मुधोळसारखा लांबचा पल्ला असेल तर आदल्या दिवशी जाऊन जमखंडीला किंवा मुधोळलाच मुक्काम करावा आणि पहाटे पिल्लू घेऊन निघावं. असं केलं की दुपारचं ऊन चढायच्या आत बराचसा रस्ता मागं पडतो. उसाच्या हंगामात त्या भागात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर असतात, त्यामुळं नकाशात दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नये. आणि गाडीत दोन मोठी माणसं हवीतच. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं पिल्लाकडं बघायचं. एकट्यानं जाऊन पिल्लू आणण्याचा पराक्रम करू नये.

पिल्लू ताब्यात घेताना पैशांच्या पावतीइतकीच तीन गोष्टींची आठवण ठेवावी. पहिली, लसीकरणाचं कार्ड आणि पशुवैद्याचा दाखला. जनावरांच्या वाहतुकीसंबंधी 1978 सालापासून जे नियम आहेत, त्यांत कुत्र्यामांजरांसाठीही प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरी दाखला सांगितला आहे. रस्त्यात कुणी विचारो वा न विचारो, या निमित्तानं पिल्लू एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून जातं, हा फायदा मोठा. दुसरी, ते सध्या जे खातंय तेच खाणं, निदान आठवडाभर पुरेल इतकं. आणि तिसरी, जिची गंमत वाटेल पण जी सगळ्यांत मोलाची आहे, ती म्हणजे आईच्या वासाचं फडकं. निघायच्या चार-पाच दिवस आधी एक जुना पंचा किंवा सुती साडीचा तुकडा विकणाऱ्याकडं पाठवून द्यावा आणि आई-पिल्लं झोपतात तिथं अंथरून ठेवायला सांगावं. आधी पाठवणं जमलं नाही तर मुक्कामाच्या रात्री तरी तो तिथं ठेवावा. कुत्री विते तेव्हा तिच्या सडांजवळच्या त्वचेतून पिल्लांना शांत करणारा एक विशिष्ट गंध स्रवतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पिल्लाला मात्र त्याचा मोठा आधार असतो.

आता मुख्य प्रश्न. गाडीत पिल्लाला ठेवायचं कुठं?

मांडीवर, असं बहुतेक घरांत उत्तर येतं. उत्तर प्रेमाचं आहे, पण बरोबर नाही. गाडी ताशी 60 किलोमीटरनं चालली असेल तर मांडीवरचं पिल्लूही त्याच वेगानं चाललेलं असतं. समोर म्हैस आडवी आली, कचकन ब्रेक लागला, की गाडी थांबते, पिल्लू थांबत नाही. हातांची पकड तेव्हा कामी येत नाही. ते समोरच्या काचेवर तरी आपटतं किंवा चालकाच्या पायांत तरी जाऊन पडतं. ब्रेकच्या खाली पिल्लू अडकलं तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढच्या सीटवर तर ते मांडीवरही नको आणि टोपलीतही नको, कारण एअरबॅग उघडताना तिचा जो दणका बसतो, तो एवढ्याशा जिवाला सोसणारा नसतो. आणि डिकीचं नावही काढू नये. बंद डिकीत हवा नसते, उजेड नसतो आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही.

प्राण्यांसाठीचा प्लॅस्टिकचा जाळीदार पिंजरा मिळतो, तो सगळ्यांत उत्तम. पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल आणि पसरून झोपता येईल, एवढा तो असावा. त्याहून फार मोठा घेतला तर प्रत्येक वळणावर पिल्लू आत भेंडकळत राहतं. पिंजऱ्यावर खर्च करायचा नसेल तर भाजीवाले वापरतात तसा प्लॅस्टिकचा क्रेट घ्यावा आणि वरून दुसरा क्रेट उलटा बांधावा. चारही बाजूंनी हवा खेळते आणि धुवायलाही सोपा. पुठ्ठ्याचं खोकं मात्र टाळावं. पिल्लानं दोनदा लघवी केली की त्याचा तळ भिजून लगदा होतो आणि पिल्लू खालून बाहेर! तळाला वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर टॉवेल आणि त्यावर ते आईच्या वासाचं फडकं. पिंजरा लहान असेल तर पुढच्या सीटच्या मागं, पाय ठेवायच्या जागेत तो घट्ट बसतो, आणि ही जागा सुरक्षितही असते. मोठा असेल तर मागच्या सीटवर पट्ट्यानं आवळून बांधावा. एसीचा झोत थेट त्यावर येत नाही ना, हे हात धरून बघावं. मुधोळसारख्या जातींच्या अंगावर ना चरबी ना दाट केस, त्यांना गारवा पटकन बाधतो. उलट पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लाला गारवा लागतोच, गाडी जरा तापली की त्याला धाप लागते.

बाळाला नुसतं पिंजऱ्यात कसं कोंडायचं, असं वाटणाऱ्यांनी एक करावं. पिंजऱ्याशेजारी बसून जाळीतून दोन बोटं आत ठेवावीत. पिल्लू ती चाटतं, थोडं कुरकुरतं आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत झोपून जातं. कुरकुर सुरू झाली की लगेच बाहेर काढलं तर मात्र ते एक गोष्ट फार चटकन शिकतं आणि घरी आल्यावर तीच युक्ती रोज रात्री वापरतं.

गाडी लागणं हा पिल्लांच्या बाबतीत नेहमीचा प्रकार आहे. शरीराचा तोल सांभाळणारी कानाच्या आतली यंत्रणा लहान वयात पुरती पक्की झालेली नसते. म्हणून लहानपणी घाटात ओकणारी कुत्री पुढं मोठेपणी खिडकीतून मजेत बघत जातात. लाळ गळू लागली, पिल्लू पुनःपुन्हा जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं, की ओकारी येणार हे समजावं आणि गाडी बाजूला घ्यावी. निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी थोडंसं खाणं द्यावं, त्यानंतर फक्त पाणी, तेही घोटघोट. 'बिचारं लांब चाललंय' म्हणून निघताना वाडगाभर दूध पाजणं म्हणजे खंबाटकी घाटाच्या आधीच टॉवेल बदलायची तयारी ठेवणं. पण याच्या उलट दिवसभर कडक उपास घडवणंही धोक्याचं. पोमेरेनियन, चिवावा अशा इवल्याशा जातींच्या पिल्लांची साखर चार-सहा तासांच्या उपाशीपणानं एकदम उतरू शकते. पिल्लू लुळं पडलं, पाय लटपटू लागले तर बोटावर मध किंवा ग्लुकोजचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळावं आणि जवळचा पशुवैद्य गाठावा. लांबच्या रस्त्यावर मधली दोन-तीन थांब्यांची ठिकाणं ठरवून चमचाभर नेहमीचं खाणं दिलं की ही वेळ येत नाही.

औषधांच्या बाबतीत घरचा डबा उघडू नये. माणसांच्या प्रवासातल्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या किंवा तापाची गोळी 'अर्धी देऊन बघू' म्हणून देणं जिवावर बेतू शकतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही आपल्या घरात सहज सापडणारी औषधं कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. मुधोळसारख्या वेगानं धावणाऱ्या सडपातळ जातींना तर काही गुंगीच्या औषधांचा त्रास इतर कुत्र्यांपेक्षा जास्त होतो. द्यायचंच असेल तर पशुवैद्यानं वजन करून सांगितलेलंच द्यावं. मुलांच्या हातातल्या खाऊवरही लक्ष हवं. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा घातलेला चिवडा यांतलं काहीही पिल्लाच्या पोटात जाता कामा नये.

पिल्लानं शू-शी केव्हा करायची? आठ आठवड्यांचं पिल्लू फार तर दोन तास धरून ठेवतं. तेव्हा दर दोन तासांनी थांबणं आलंच. आणि इथंच बहुतेक कुटुंबं न कळत सगळ्यांत मोठी चूक करतात. ढाब्यापाशी गाडी थांबते, मंडळी चहाला उतरतात, आणि कुणीतरी पिल्लाला मागच्या मातीत सोडतं. 'जरा पाय मोकळे करू दे!' त्या मातीत रोज वीस भटकी कुत्री येऊन गेलेली असतात. पार्व्हो या रोगाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो आणि जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मिळतो, पण तेवढ्यानं संरक्षण पुरं होत नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्तीच कधीकधी लसीच्या आड येते. म्हणूनच दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यावे लागतात आणि ते पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. मधल्या काळात पार्व्होनं गाठलं तर ओकाऱ्या, रक्ताचे जुलाब, आणि तीन-चार दिवसांत खेळतं पिल्लू हातचं जाऊ शकतं. आणल्यानंतर आठवड्याभरात पिल्लू गेल्याच्या ज्या हकिकती ऐकू येतात, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी हाच रोग असतो, आणि विकणारा व घेणारा एकमेकांना दोष देत बसतात.

यावर उपाय साधा. पिल्लाला रस्त्यात जमिनीवर ठेवायचंच नाही. गाडीतच, दारं लावून, मागच्या सीटवर प्लॅस्टिक आणि त्यावर वर्तमानपत्रांचे चार थर अंथरावेत आणि त्यावर त्याला सोडावं. पाच-दहा मिनिटं वाट बघावी. केलं तर कागद गुंडाळून पिशवीत, नाही केलं तर परत पिंजऱ्यात. ढाब्यावरच्या कुत्र्यांना कुरवाळून आलेल्या हातांनी पिल्लाला उचलू नये. घरच्या मुलांना हे दोनदा सांगावं लागेल, मोठ्यांना कदाचित तीनदा.

दुसरा धोका उन्हाचा. पिल्लाला गाडीत ठेवून सगळ्यांनी जेवायला जायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही, काच चार बोटं खाली ठेवूनही नाही आणि सावलीत लावूनही नाही. सावली सरकते आणि ढाब्यावरची पाच मिनिटं पाच मिनिटं कधीच नसतात. बंद गाड्या किती तापतात याचा एक अभ्यास अमेरिकेतल्या 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात 2005 साली प्रसिद्ध झाला. तासाभरात आतलं तापमान सरासरी 22 अंश सेल्सिअसनं वाढलं, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून जवळपास काहीच फरक पडला नाही. म्हणजे बाहेर 35 अंश असेल तर अर्ध्या तासात आत पन्नाशी ओलांडली जाते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं एवढाच त्याचा मुख्य उपाय, आणि कोंदट गरम हवेत तोही चालत नाही. पिल्लू जोरजोरात धापा टाकतंय, हिरड्या लालभडक झाल्यात, ते झोकांड्या खातंय असं दिसलं तर त्याला सावलीत घ्यावं, अंगावर साधं पाणी ओतावं, वर्तमानपत्रानं वारा घालावा आणि डॉक्टरांकडं धाव घ्यावी. बर्फ चोळू नये. जेवायला आळीपाळीनं जाणं, एवढंच खरं तर पुरेसं आहे.

गाडीत मुलं असतील तर आणखी एक बंदोबस्त करावा लागतो. पिंजऱ्याशेजारी कुणी बसायचं यावरून ताई आणि दादाचं भांडण मिरज यायच्या आत होणारच. पाळ्या ठरवून द्याव्यात, मिरजेपर्यंत एक, कराडपर्यंत दुसरा. गाणी बेतानं लावावीत, हॉर्न कमी वाजवावा. अत्तराची बाटली त्या दिवसापुरती काढून ठेवावी. आपल्याला सुवास वाटतो, पिल्लाच्या नाकाला तो मारा असतो. आणि खेळताना पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं तर 'पिल्लूच आहे' म्हणून सोडून देऊ नये. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांनंतर मिळते, तोवर ते संरक्षित नसतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

घर आलं. दारात आजी ओवाळणीचं ताट घेऊन उभी, जिन्यात शेजारची दहा मुलं. हौस मोडू नये, पण निरांजन दुरूनच ओवाळावं आणि कुंकवाचं बोट पिल्लाऐवजी पिंजऱ्याला लावावं. मुलांना 'परवा या' म्हणावं. आधी पिल्लाला त्याच्या शू-शीच्या ठरवलेल्या जागी न्यावं, मग पाणी, मग तासाभरानं विकणाऱ्याकडून आणलेलं तेच खाणं, थोडंसं. दूध-पोळीचा वाडगा आपल्याकडं परंपरेनं तयारच असतो, पण आईचं दूध सुटलेल्या पिल्लांना गाईम्हशीचं दूध बहुधा पचत नाही आणि दुसऱ्या दिवशी घरभर त्याचा पुरावा सापडतो. वाटेत अंग माखलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करावं. अंघोळ आज नको, थकलेल्या पिल्लाला त्यानं थंडी भरते.

पहिल्या रात्री ते रडतं. प्रवासातला तोच पिंजरा, दार उघडं ठेवून, कुणाच्या तरी अंथरुणाशेजारी ठेवावा. गाडीत जशी बोटं दिली होती तशीच पुन्हा द्यावीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कार्ड घेऊन पशुवैद्याकडं जावं. तिथंही पिल्लाला फरशीवर न सोडता मांडीवर धरावं, कारण आजारी कुत्रीही तिथंच येतात. पिंजरा, टॉवेल, गाडीतलं प्लॅस्टिक सगळं धुऊन वाळत घालावं. आईच्या वासाचं ते कळकट फडकं मात्र आठ-दहा दिवस धुवायला टाकू नये, आजीनं कितीही नाक मुरडलं तरी.